क्लेम हिंगोलीचा, गॅरेज नांदेडचं

अपघातात ठोकलेली गाडी विम्याच्या पैशातून कुठे दुरुस्त करायची, हे ठरवायचं कोणी? हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न मोठ्या शहरापेक्षा जास्त टोचतो. इथे पत्र्याचं काम करणारे हात भरपूर आहेत, पण विमा कंपन्यांच्या यादीतली गॅरेजं थोडी. प्रश्नाच्या दोन्ही बाजूंत वजन आहे असं मला वाटतं, म्हणून त्या दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक ग्राहकाच्या निवडीबद्दल आग्रही, दुसरा साशंक.

आग्रही : पॉलिसीच्या कागदापासूनच सुरुवात करू. आपण ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो, त्यातल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, प्रमाणित मजकूर वाचला तर, गाडी अमुकच गॅरेजात न्या असं कुठेही म्हटलेलं नाही. मालक दुरुस्तीचं काम सांगू शकतो, त्याने खर्चाचं तपशीलवार एस्टिमेट कंपनीला ताबडतोब द्यावं आणि खर्च वाजवी आहे की नाही हे पाहायला मदत करावी, अशी त्याची भाषा आहे. प्रत्यक्षात काय होतं? माणूस कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन लावतो आणि त्याला सांगितलं जातं की तुमच्या जवळचं कॅशलेस गॅरेज नांदेडला आहे. सेनगावच्या माणसाला नांदेड जवळ नाही. खुद्द हिंगोलीहून ते 80-90 किलोमीटर आहे. गाडी चालती नसेल तर टोचन करून न्यायची, आणि त्यासाठी प्रमाणित पॉलिसीत खासगी मोटारीला मिळणार जास्तीत जास्त 1,500 रुपये. पुढे गाडी तिथे किती दिवस उभी राहील ते आपल्या हातात नाही. वसमतच्या बाजारात हळद पोचवणारा पिकअप ऐन हंगामात तीन आठवडे बंद राहिला तर बुडालेल्या भाड्याची भरपाई पॉलिसीत नाही, ओघाने होणारं नुकसान तिच्यातून स्पष्ट वगळलेलं आहे. म्हणजे अंतराची आणि वेळेची किंमत मालकाने मोजायची, आणि गाडी कुठे जाणार हे दुसऱ्याने सांगायचं. प्रीमियम त्याचा, गाडी त्याची, उद्या तीच गाडी त्याला चालवायची आहे. निवड त्याचीच असली पाहिजे.

साशंक : कलम तुम्ही अर्धंच वाचून दाखवलंत. मालक स्वतः दुरुस्ती सुरू करू शकतो ती एस्टिमेट 500 रुपयांच्या आत असेल तर. त्यापुढच्या कामाला आधी कंपनीला कळवायचं, सर्वेअरने पाहायचं. आणि त्याच पॉलिसीत आणखी एक अट आहे, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. गाडी दुरुस्त करून द्यायची, बदलून द्यायची की नुकसानीची रक्कम रोख द्यायची, हा पर्याय कंपनीने आपल्याकडे ठेवलेला आहे. कागदाच्या भाषेत बोलायचं तर निवड पूर्णपणे मालकाची आहे असं म्हणता येत नाही.

पण ते बाजूला ठेवू, कारण व्यवहारात कंपनी तुम्हाला अडवत नाही. हिंगोलीतल्या तुमच्या ओळखीच्या गॅरेजात गाडी न्या, सर्वेअर तिथे येईल, काम झाल्यावर बिलं द्या, मंजूर रक्कम खात्यात जमा होईल. कॅशलेस, म्हणजे कंपनीने गॅरेजला थेट पैसे देणं, ही त्यावरची जादा सोय आहे. ती काही ठरावीक गॅरेजांशी केलेल्या करारावर उभी असते. करारात मजुरीचे दर आधी ठरलेले असतात, सुट्या भागांवर सवलत घेतलेली असते, गाडी किती दिवसांत द्यायची ते बोललेलं असतं. अशा गॅरेजात मागच्या वर्षी चेपलेलं दार यंदाच्या अपघातात घुसवणं थोडं तरी अवघड जातं. खोट्या आणि फुगवलेल्या बिलांचे पैसे कंपनीच्या मालकाच्या घरून येत नाहीत, ते पुढच्या वर्षी तुमच्या-माझ्या प्रीमियममधून येतात. तेव्हा मला सांगा, तुम्हाला नेमका कोणता हक्क हवा आहे? निवडीचा तर आहेच. तुम्हाला निवडीबरोबर ती सोयही हवी आहे, आणि सोय मागणं हा हक्क होतो का?

आग्रही : 500 रुपयांची ती मर्यादा 2002 च्या मोटार दरपत्रकातल्या मजकुरात आहे. 2007 च्या जानेवारीपासून स्वतःच्या गाडीच्या विम्याचे दर खुले झाले, गाड्या बदलल्या, मजकूर मात्र राहिला. आज 500 रुपयांत बाजूचा आरसासुद्धा येत नाही. जी मर्यादा कोणत्याच कामाला पुरत नाही तिच्या जोरावर मालकाला अधिकार दिलाय किंवा नाकारलाय असं म्हणण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या सोयीकडे येतो. मी एक हिशेब मांडतो. गाडी साडेचार वर्षांची आहे. बिल 70,000 रुपयांचं. त्यात लोखंडी भाग 30,000, बंपर आणि इतर प्लॅस्टिक 20,000, रंगकाम 12,000, मजुरी 8,000. जीएसटी सोडून देऊ. घसाऱ्याच्या तक्त्यानुसार चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर 35 टक्के कपात, म्हणजे 10,500. प्लॅस्टिक आणि रबरावर गाडी कितीही नवी असो, 50 टक्के, म्हणजे 10,000. रंगाच्या एकत्रित बिलातला चौथा हिस्सा सामानाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, ते 1,500. छोट्या इंजिनाच्या गाडीला सक्तीची वजावट 1,000. एकूण 23,000 रुपये मालकाचे, 47,000 कंपनीचे. हे कॅशलेसमध्येही तसंच होतं, नावाप्रमाणे ते बिनपैशाचं नसतं. फरक एवढाच की यादीतल्या गॅरेजात त्याला 23,000 काढावे लागतात आणि स्वतः निवडलेल्या गॅरेजात आधी 70,000. मधल्या काळात 47,000 रुपये कोणाचे अडकणार, यावर गॅरेज ठरतं. पगारदार माणूस कार्ड घासेल. कळमनुरीचा शेतकरी पेरणीच्या तोंडावर ते कुठून आणणार? तुम्ही ज्याला सोय म्हणता तीच त्याची निवड ठरवते. पैसे असणाऱ्यालाच वापरता येईल असा हक्क इतरांना आहे असं मी मानत नाही.

आणि या हिशेबात अजून एक गोष्ट दडलेली आहे. मजुरीवर घसारा लागत नाही. बंपर चिरला तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा कल तो बदलण्याकडे असतो, कारण नवीन भाग विकण्यात त्याची कमाई आहे. आपल्याकडचा कारागीर तोच बंपर गरम करून, जोडून, घासून, रंगवून देतो. बंपर 12,000 चा असेल तर बदलताना मालकाचे 6,000 जातात. जोडणीची मजुरी 1,500 झाली तर घसाऱ्यात काहीच जात नाही, आणि कंपनीचाही खर्च घटतो. मालकाचं हित दुरुस्तीत आहे, गाडी पाठवली जाते ती बदलण्यात हित असलेल्या जागी.

साशंक : हिशेब बरोबर आहे, आणि बंपरचा मुद्दा मला पटतो. बंपर जोडावा. पण बंपर हा गाडीचा सगळ्यात निरुपद्रवी भाग आहे, म्हणून त्याचं उदाहरण सोपं जातं. बंपरच्या मागे आडवी पट्टी असते, तिच्यामागे टक्कर पोटात घेऊन चुरगळण्यासाठीच बनवलेली चौकट असते, एअरबॅगला इशारा देणारे सेन्सर असतात. आताच्या मोटारींत या भागांसाठी वेगळं, जास्त ताकदीचं पोलाद वापरतात. ते गॅसने तापवून सरळ केलं की दिसायला सरळ दिसतं आणि आतून त्याची ताकद गेलेली असते. वरून लांबी भरली, रंग मारला की मालक खूश. काय बिघडलं हे पुढच्या अपघातात कळतं, आणि तेव्हा त्या गाडीत बहुधा दुसरीच माणसं असतात, कारण गाडी विकली गेलेली असते. अकोला ते नांदेड हा 161 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हिंगोलीवरून जातो. त्या रस्त्यावरच्या वेगाला ही गाडी पुन्हा धावणार आहे.

मी कारागिराच्या हाताला कमी लेखत नाही. मी विचारतो आहे की त्याने केलेल्या कामाला उत्तर देणारा कोण. यादीतल्या गॅरेजने वाईट काम केलं तर कंपनी त्याचं नाव यादीतून काढू शकते. तो धाक कमी असेल, पण आहे. रस्त्याकडेच्या शेडमध्ये काम बिघडलं तर तुम्ही कोणाकडे जाणार? बिल साध्या कागदावर, कोणता भाग कुठून आणला त्याची नोंद नाही. अशा बिलावर कंपनीने डोळे मिटून पैसे द्यावेत का?

आग्रही : डोळे मिटून नको, उघडे ठेवूनच द्यावेत. पण साधं बिल म्हणजे खोटं बिल हे समीकरण आधी सोडा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी त्याच्यावर बंधनकारक नाही. एकट्या-दुकट्याने काम करणारा मिस्त्री या मर्यादेत बसतो. जीएसटी क्रमांक नसलेलं त्याचं बिल कायद्याने चुकीचं ठरत नाही.

आणि विश्वासाचं म्हणाल तर एक विसंगती पाहा. क्लेम न घेता वर्ष गेलं की नो क्लेम बोनस मिळतो, 20 टक्क्यांपासून चढत 50 टक्क्यांपर्यंत. तो जाऊ नये म्हणून छोट्या ठोकरीचा क्लेम कोणी करत नाही. दार चेपलं, दिवा फुटला की गाडी गल्लीतल्या गॅरेजात जाते आणि मालक पदरचे पैसे देतो. विमा कंपन्यांना हे सोयीचंच आहे. मग जो मिस्त्री माझ्या पैशाने काम करताना चालतो, तो कंपनीच्या पैशाने करताना धोकादायक का होतो?

आता चौकट, सेन्सर आणि एअरबॅग. ही कामं त्याला का येत नाहीत? येऊ दिली गेली नाहीत म्हणून. 2011 मध्ये शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की मोटार कंपन्या सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने मारुती, टाटा, महिंद्र, होंडा, टोयोटा यांच्यासह 14 कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळाली पाहिजेत, आणि केवळ बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून वॉरंटी रद्द करता कामा नये, असे आदेश दिले. तुम्ही आत्ता केलेला सुरक्षेचा युक्तिवाद त्या कंपन्यांनीही केला होता. आयोगाने तो कुलूप लावण्याचं पुरेसं कारण मानला नाही. 2016 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने काही कंपन्यांच्या दंडाचा हिशेब कमी केला, गैरवर्तनाचा निष्कर्ष पुसला नाही. त्याच 2014 सालानंतर बारावीतून बाहेर पडलेली मुलं आज स्वतःची गॅरेजं चालवत आहेत, आणि एअरबॅगचा दिवा विझवायला लागणारं यंत्र त्यांच्या हातात अजून नीट आलेलं नाही. आधी साधन द्यायचं नाही आणि मग साधन नाही म्हणून काम द्यायचं नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

(इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं. सुरक्षेची काळजी खरी आहे, आणि ती सगळ्यात मोठ्याने मांडणाऱ्यांचा व्यवसाय त्या काळजीवर चालतो हेही खरं आहे. दुसऱ्या वाक्याने पहिलं खोटं ठरत नाही. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनतात, म्हणजे मराठवाड्याच्या हातांना हे काम परकं नाही. परकी आहे ती पुस्तिका, यंत्र आणि मान्यता.)

साशंक : साधनांबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 ला ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं आणि मोटारी दोन्ही घेतल्या. ट्रॅक्टरचा जिल्हा असलेल्या आपल्याला त्याचा उपयोग व्हावा. पण पोर्टलवर माहिती येणं आणि हिंगोलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निघालेल्या मुलाच्या हातात स्कॅनर येणं यात फार अंतर आहे.

माझी मोठी शंका वेगळी आहे. तुम्ही निवडीचा हक्क हिंगोलीच्या नजरेने बघता. इथला माणूस निवड मिळाली तर जवळचं आणि स्वस्त गॅरेज घेईल. पुण्यातला काय घेईल? सगळ्यात झगमगीत शोरूम. त्याच्या मजुरीचा ताशी दर, त्याचं भाडं, त्याची कॉफी, सगळं बिलात येईल, आणि कंपनीने कुठेही आणि कितीही द्यायचं ठरलं तर ते पैसे एकाच सामायिक निधीतून जातील. जुन्या दरपत्रकात देशाचे दोन विभाग होते, मोठ्या शहरांचा ‘अ’, त्यात पुणे होतं, आणि उरलेल्यांचा ‘ब’, त्यात आपण. पाच वर्षांच्या आतल्या, हजार सीसीपर्यंतच्या मोटारीचा दर ‘अ’ मध्ये 3.127 टक्के, ‘ब’ मध्ये 3.039. पाच लाखांच्या गाडीवर फरक 440 रुपये. दुरुस्तीच्या खर्चातला फरक याच्या किती पट असेल ते तुम्हीच बघा. म्हणजे तेव्हाही हिंगोलीचा गाडीवाला पुण्याच्या बिलाला हातभार लावत होता. आज कंपन्या दर स्वतः ठरवतात, पण सरसकट निवडीचा हक्क दिलात तर हा भार वाढेल. यादीतल्या गॅरेजांशी केलेले करार त्या खर्चाला लगाम घालतात. तो लगाम काढल्याने पहिलं नुकसान कमी खर्च करणाऱ्या जिल्ह्यांचं होईल.

आग्रही : हा आक्षेप मी टाळणार नाही. त्याने मला माझी मागणी नीट मांडायला भाग पाडलं आहे. मला कुठलंही बिल पूर्ण मिळण्याचा हक्क नको. पॉलिसीतच म्हटलं आहे की अंशतः नुकसान झालं तर कंपनीची जबाबदारी प्रत्यक्ष आणि वाजवी खर्चापुरती, घसारा वजा करून. तेवढीच मला हवी. सर्वेअरने वाजवी रक्कम काढावी, आणि ती मी निवडलेल्या गॅरेजला थेट मिळावी. पुण्यातल्या माणसाला शोरूमची हौस असेल तर वरचा फरक त्याने भरावा. हिंगोलीचा गॅरेजवाला त्या रकमेत बसणार असेल तर त्याने गाडी नांदेडला का पाठवावी?

आणि हे अशक्य नाही. आरोग्यविम्यात जानेवारी 2024 मध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलने ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ जाहीर केलं. यादीत नसलेल्या रुग्णालयातही, वेळेत कळवलं तर, रोख न भरता उपचार. माणसाच्या शस्त्रक्रियेसाठी जे करता येतं ते गाडीच्या दारासाठी करता येत नाही, असं कोणी मला समजावून सांगावं. फ्रान्सने 2014 च्या ग्राहक कायद्यात गाडीमालकाला दुरुस्तीचं गॅरेज निवडायचं स्वातंत्र्य दिलं आणि ते विम्याच्या करारात लिहायला लावलं. तिथेही लोकांना आधी पैसे भरण्याची अडचण आलीच. म्हणून मालक आपला विम्याचा दावा लेखी पत्राने गॅरेजच्या नावे करतो आणि कंपनी गॅरेजला पैसे देते, अशी पद्धत तिथे वापरात आहे. मला हवं आहे ते एवढंच एक पत्र.

विक्रीच्या टोकालाही एक गाठ आहे. विमा नियामकाने 2017 च्या नोव्हेंबरपासून गाड्यांच्या डीलरांना विमा विकण्याची रीतसर चौकट घालून दिली. डीलर गाडी विकतो, पॉलिसी विकून मोबदला घेतो, अपघातानंतर तीच गाडी दुरुस्त करतो. तिन्ही ठिकाणी एकच माणूस बसलेला. ग्राहकाला नव्या गाडीच्या किल्लीबरोबर पॉलिसी मिळते, तो ती वाचत नाही, आणि घसारा माफ करणारं ‘झिरो डेप’ जोडकलम काही ठरावीक गॅरेजांपुरतंच आहे की नाही, हे त्याला अपघातानंतर कळतं.

साशंक : ‘वाजवी’ या शब्दावर तुम्ही सगळं उभं केलंत. ते ठरवणार सर्वेअर, आणि सर्वेअरला फी देणार कंपनी. पुण्याच्या दरापेक्षा हिंगोलीची मजुरी कमी, हे तो लगेच मान्य करेल. पण सुट्या भागाची किंमत? गाडी उत्पादकाच्या डब्यातला भाग, तोच भाग बनवणाऱ्या पुरवठादाराच्या स्वतःच्या डब्यातला, आणि दिसायला तसाच बनावट, असे तीन भाव बाजारात असतात. तो वाजवी म्हणून कोणता धरेल?

आग्रही : दुसरा धरावा, आणि तसं लिहून द्यावं. त्याचा अंदाज अंतिमही नसतो. ‘न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार’ या खटल्यात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सर्वेअरचा अहवाल हा क्लेम ठरवण्याचा पाया असू शकतो, पण तो ना कंपनीवर बंधनकारक आहे ना ग्राहकावर. तिथे अपघातग्रस्त ट्रकच्या मालकाने खर्चाची बिलं दाखवली होती आणि ती ग्राह्य धरली गेली. जून 2024 च्या नियामकाच्या परिपत्रकाने वेळही बांधून दिला आहे. क्लेम कळवल्यावर 24 तासांत सर्वेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा, कंपनीने पुढच्या 7 दिवसांत निर्णय घ्यायचा. नाही पटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ज्या जिल्ह्यात आपण राहतो तिथे तक्रार करता येते, आणि मोबदला म्हणून भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. प्रीमियम सहसा तेवढा नसतो.

साशंक : सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढणारा ट्रकमालक होता हे ठीक, पण वाद 9,000 रुपयांचा असतो तेव्हा कोण जातो? एका तारखेला एक मजुरी बुडते. विमा लोकपालाकडे वकील लागत नाही, पण कार्यालय पुण्यात. ऑनलाइन तक्रार करता येते, तरी पहिला अर्ज कंपनीला, मग वाट पाहा, मग लोकपाल. कंपनीला माहीत असतं की छोट्या फरकासाठी कोणी भांडत नाही, आणि ती कपात नेमकी त्या उंचीची ठेवू शकते. आणि करारातलं कलमच अन्यायकारक आहे असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर 2019 च्या कायद्यात त्यासाठी जिल्हा आयोग नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली ती एकट्या ग्राहकाचं बळ पुरत नाही हे ओळखूनच. तुमचा हक्क एकट्या माणसाच्या खांद्यावर आहे, आणि समोर संस्था आहे.

शिवाय गाडी उघडल्यावर काय? पहिल्या अंदाजात दार आणि खांब दिसतो. दार काढलं की आतली पट्टी वाकलेली निघते, काच वर-खाली करणारी मोटर गेलेली असते. यादीतल्या गॅरेजात रोजचं येणं-जाणं असतं, फोटो जातो, जादा कामाला मंजुरी येते. इथे मिस्त्री दार उघडून बसेल, सर्वेअरचा फोन लागणार नाही, आणि ज्या वेळेसाठी तुम्ही नांदेड टाळलंत तो वेळ इथेच जाईल.

आग्रही : फोटो हिंगोलीहूनही जातो. व्हिडिओवर पाहणी करतातच की. तो वेळ का जातो ते मला माहीत आहे. यादीतल्या गॅरेजकडून कंपनीकडे महिन्याला अनेक क्लेम येतात, म्हणून तिथला फोन उचलला जातो. आमच्या मिस्त्रीचा महिन्यातून एकच. तेव्हा नियम हवा तो इथे, की जादा नुकसानीचे फोटो मिळाल्यावर दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर काम पुढे न्यायला मालक मोकळा.

साशंक : आणि कामाची जबाबदारी? तिथपर्यंत आपण अजून पोचलो नाही.

आग्रही : मिस्त्रीने लिहून द्यावं. कोणता भाग बदलला, कुठून आणला, कोणता जोडला, खाली सही. आज यादीतल्या गॅरेजात उलटं होतं. गाडी ताब्यात देताना मालकाकडून काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर सही घेतात, बऱ्याचदा तो गाडीभोवती एक चक्कर मारून पूर्ण व्हायच्या आत.

साशंक : 1,500 रुपयांत बंपर जोडणारा मिस्त्री दोन वर्षांनंतरच्या अपघाताची जोखीम सही करून घेईल का?

आग्रही : बंपरवर घेईल. एअरबॅग उघडलेल्या गाडीवर घेणार नाही, आणि ती गाडी मीही नांदेडलाच पाठवीन. दार चेपलेली पाठवणार नाही.

साशंक : मग रेघ कुठे ओढायची आणि ती कोणी ओढायची? सर्वेअर ओढणार तर तो कंपनीच्या फीवर. मालकाला आतलं दिसत नाही. मिस्त्री ओढणार तर हातचं काम सोडायला तो तयार पाहिजे. एखाद्या सरकारी प्रमाणपत्रावर सोपवलंत तर पुन्हा एक यादीच तयार होईल, आणि तुमचा शेडवाला तिच्याही बाहेर राहील.

आग्रही : मिस्त्रीने ओढावी. चांगला मिस्त्री आजही म्हणतो, हे माझ्याकडे नको, शोरूमला न्या. पण असं म्हटलं की त्याचं सगळंच काम जातं, कारण कॅशलेसमध्ये गाडी एकदा आत गेली की दार, दिवा, रंग, सगळं तिथेच होतं. चौकट आणि एअरबॅग नांदेडला, पत्रा आणि रंग हिंगोलीला, एका क्लेमवर दोन गॅरेजांची दोन बिलं, असं करता आलं तर खरं बोलण्याची त्याला किंमत मोजावी लागणार नाही.

साशंक : दोन बिलं झाली की बिघाड कोणाच्या हातचा यावर दोन गॅरेजांत वाद लागेल.

आग्रही : लागू दे. आज तो लागत नाही, कारण उघडलेली गाडी मालकाला कोणी दाखवतच नाही.

साशंक : त्या वादात निकाल कोण देणार, आणि तो लागेपर्यंत गाडी कोणाच्या दारात उभी राहणार, एवढं तुमच्या पत्रात लिहा. मग मी त्यावर बोलेन.